मुठीएवढं अंतर

आमच्या गल्लीत माणूस लांबून चालत आला की तोंड दिसायच्या आधी त्याची पाठ दिसायची, आणि तेवढ्यावरून तो कोण हे कळायचं. किराणा दुकानदार ताठ चालायचा. बेळगुंदीकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायका कमरेतून थोड्या पुढे झुकलेल्या असायच्या. आणि आम्ही विणकर मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये, गोल. वडगावात तेव्हा घरटी माग होता आणि घरटी एक तरी पोक होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट एखादा विणकर छाती काढून चालला की बायका म्हणायच्या, ह्याचा माग बंद पडला वाटतं.

आमच्या घरात तो मान आप्पांचा होता. आप्पा म्हणजे माझे वडील. रस्त्यात कुणी हाक मारली तर त्यांना नुसती मान वर करता येत नसे. ते दोन पावलं थांबायचे, सगळ्या अंगाने मागे रेलायचे आणि मग भुवयांखालून बघायचे. अनोळखी माणसाला वाटायचं, हा आपल्यावर संशय घेतोय. उताणं झोपायचं तर मानेखाली आईच्या जुन्या लुगड्यांची चांगली जाड घडी लागायची, नाहीतर डोकं अधांतरी. जेवताना ते ताटासमोरही मागासमोर बसल्यासारखेच बसायचे. भाकरीचा तुकडा शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून तोंडाकडे नेण्याऐवजी तोंडच भाकरीकडे जायचं. आई म्हणायची, "ताट काय पळून जाणार हाय व्हय?" आप्पा म्हणायचे, "सवय हाय गं." दोघांनाही हसू येत नसे, कारण हे रोजचं होतं.

माग बाहेरच्या खोलीत होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पायाने दाबायच्या दोन पावड्या, काठावर बसून पाय आत सोडायचे. पोटासमोर एक आडवा गोल दांडा, त्यावर विणलेलं कापड गुंडाळत जायचं. डोक्यावरून लोंबणारी दोरी ओढली की धोटा इकडून तिकडे पळायचा, मग फणी आपल्याकडे ओढायची की ठक. सकाळी माझे डोळे उघडायचे ते त्या आवाजाने, आणि तो थांबला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं?" धागा तुटला असेल तर आप्पा उत्तर देत नसत. अंगणातून खळीचा आंबूस वास यायचा, कारण सकाळच्या उन्हात गल्लीभर ताणे, म्हणजे कापडाचे उभे धागे, पसरून त्यांना खळ लावायचं काम चाले, आणि शाळेला जाणारी पोरं त्या ताण्यांच्या कडेकडेने, अंग चोरून जायची. सूत ओलांडायचं नाही हे आम्हाला चालायला लागायच्या आधी शिकवलेलं असायचं. आज त्या गल्लीत दुचाक्या उभ्या असतात आणि कडेकडेने जायला त्यांच्यामुळे लागतं.

हा माग आज्जांचा, म्हणजे आप्पांच्या वडिलांचा. त्याचे चार खांब त्यांनी स्वतःच्या हाताने रोवले होते आणि दांड्याची उंची स्वतःच्या कोपराला लावून घेतली होती. आज्जांना मी पाहिलेलं नाही. पण खंडेनवमीला मागाची पूजा होताना आप्पा पहिलं कुंकू त्या डाव्या खांबाला लावायचे, जिथे आज्जांचा हात टेकून टेकून लाकूड गुळगुळीत झालं होतं. मागाला आमच्या घरात वडीलधाऱ्याचा मान होता. वडीलधाऱ्यासमोर वाकायचं असतं, हेही ओघानंच आलं.

आता माझी पाठ. मी विमल, घरातलं शेंडेफळ, आणि अंगाने भसाभस वाढलेली. चौदाव्या वर्षी मी आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघू शकत होते आणि थोरल्या अण्णाच्या कानाला लागत होते. उंच पोरीला कुणी उंच म्हणत नाही. शेजारची तारामावशी म्हणायची, "विमे, जरा खाली ये की, किती वर चाललीस." हे ऐकून ऐकून मी खरंच खाली येऊ लागले. खांदे पुढे, छाती आत, मान कासवासारखी. त्यातून माझं घरातलं काम चरख्यावर कांड्या भरायचं. धोट्यात बसणाऱ्या त्या लहान नळ्या सुताने भरून देणं हे सगळ्या विणकर घरांतल्या बायापोरींचं काम. जमिनीवर बसायचं, डाव्या हातात धागा धरायचा, उजव्याने चाक फिरवायचं आणि नजर कांडीवर. शाळेआधी आणि शाळेनंतर मी तशीच बसलेली. आई जाता-येता पाठीत एक धपाटा घालायची, "सरळ बस गं, पोक आलंय बघ." धपाट्यापुरती मी सरळ व्हायचे.

पण मला कांड्या भरायच्या नव्हत्या. मला माग हवा होता. हे आज सांगायला सोपं वाटतं. तेव्हा ते मनात म्हणायलाही धीर लागे. आप्पा खळ लावायला अंगणात गेले की मी मागाच्या काठावर बसून पाय खाली सोडायचे आणि पावडी दाबायचे. ताण्याचे धागे दोन भागांत उघडायचे, त्यांच्यामधून एक बोगदा तयार व्हायचा, आणि मला वाटायचं ह्याच्यातून धोटा पाठवणारी मीच. अण्णाने मागाकडे पाठ फिरवली होती. तो उद्यमबागेत एका कारखान्यात लागला होता आणि रविवारी जेवताना म्हणायचा, "आप्पा, माग काढा आता. खोली भाड्यानं जाईल." दुपारी मागावर आप्पांचा हात नेहमीपेक्षा जोरात पडायचा, भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. आप्पांचे खांदे दुखत होते, डोळेही थकले होते. त्यांच्यानंतर माग निघणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीच एक धरून चालले नव्हते.

एकदा कांड्यांची टोपली त्यांच्याजवळ ठेवताना मी म्हटलं, "आप्पा, मला शिकवा."

"काय?"

"विणायला."

त्यांनी सगळ्या अंगाने मागे रेलून माझ्याकडे पाहिलं. "पाठ बघितलीस का तुझी? मागावर न बसता ही अशी. बसलीस तर हनुवटी गुडघ्याला लागंल. माझं झालं ते बास झालं. न्हाय."

पोरगी म्हणून ते नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. गल्लीत दोन-तीन घरांत बायका मागावर बसत होत्या. पण पाठीवर काय उत्तर देणार? पाठ तर माझीच होती, आणि ती गोल होती.

शाळेत आम्हाला ड्रिल शिकवायला एक बाई होत्या. धारवाडकडच्या, बोलताना अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि शिट्टी मात्र दोन्ही भाषांत. आम्ही त्यांना ड्रिलबाई म्हणायचो. एका दुपारी त्यांनी आमच्या वर्गाला शाळेच्या लांब भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा, बसायची जागा, खांदे आणि डोकं, सगळं भिंतीला लागलं पाहिजे. "नेट्टग निल्लु," त्या ओरडत रांगेवरून फिरल्या, म्हणजे सरळ उभ्या राहा. माझ्यापाशी येऊन थांबल्या. माझं डोकं भिंतीपासून चांगलं चार बोटं पुढे. मागे न्यायला गेले की हनुवटी आभाळाकडे जायची. बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या. बाईंनी हसणाऱ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला पिटाळलं आणि मला विचारलं, "घरी माग आहे?"

"हाय."

"वाटलंच. रोज मधल्या सुट्टीत माझ्याकडे ये."

त्यांनी मला जे शिकवलं त्यात कुठलीही जादू नव्हती. भिंतीला पाठ लावायची आणि हनुवटी वर न करता, मान मागे ढकलायची, जणू कुणीतरी कपाळावर बोट ठेवून मागे लोटतंय. मग दोन्ही हात कोपरातून वाकवून भिंतीला टेकवायचे आणि भिंत न सोडता सावकाश वर न्यायचे, तसेच खाली आणायचे. दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून एक पाऊल पुढे टाकायचं, की छातीचे स्नायू ताणले जातात. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही टोकं आपल्याकडे ओढायची, कोपरं मागे नेत, खांद्यामागची दोन्ही हाडं एकमेकांकडे येतील अशी. आणि शेवटी टॉवेलची वळकटी पाठीखाली आडवी घालून उताणं पडायचं, हात पसरायचे आणि श्वास सोडायचा. एवढंच. दुखलं तर थांबायचं आणि दम धरायचा. मला वाटलं होतं, आठवड्याभरात सरळ होईन. बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं वाकलीस, तेव्हा घाई केली होतीस का?"

घरी मी बाहेरच्या खोलीतल्या भिंतीला उभी राहू लागले, मागाच्या अगदी समोर. आप्पांना आधी ती करमणूक वाटली. धोटा पळवता पळवता म्हणाले, "विमेची आई, पोरगी भिंतीला चिकटवायला घेतलीय व्हय?" मग एकदा चहा पिताना त्यांनी मला नीट पाहिलं. मी हात वर नेत होते आणि निम्म्यावरच कोपरं भिंत सोडत होती. का कोण जाणे, ते एकदम म्हणाले, "असं कर. तुझं डोकं ज्या दिवशी भिंतीला लागंल, त्या दिवशी मागावर बसवतो."

"खरं?"

"विणकराचं सूत आणि शब्द एकच," आप्पा म्हणाले आणि रिकामा कप बाजूला ठेवला. आमच्या घरात आजवर कुणाचं डोकं भिंतीला लागलं नव्हतं, ह्या भरवशावर ते बोलले होते, हे मला पुढे समजलं.

तरीही त्यांनी मला मदत केली, आणि ती करताना विणकरच करील अशी चूक केली. ढिला पडलेला ताणा मागून ओढला की सरळ होतो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यांनी उरलेल्या सुताचा चार बोटं रुंद एक घट्ट पट्टा विणला, माझ्या दोन्ही खांद्यांवरून काखेतून फिरवून पाठीवर फुली घेतली आणि ताण्याला देतात तसा ताण देऊन गाठ मारली. खांदे खाडकन मागे. आरशात मी फौजेतल्या शिपायासारखी दिसले. आई म्हणाली, "बघा, झाली की सरळ." पट्टा पोलक्याखाली बांधून मी शाळेत जाऊ लागले. तारामावशीने नजर काढली. मला वाटलं, पुढच्या सोमवारी माझा माग.

संध्याकाळी पट्टा सोडला की मात्र खांदे आधीपेक्षा जास्त पुढे पडायचे, ओल्या पिशवीसारखे. ड्रिलला हात वर करायची वेळ आली तेव्हा माझे हात वर जाईनात. बाईंनी मला खोलीत नेऊन पाहिलं. काखेत लाल वळ उठले होते. त्यांनी गाठ सोडली, पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "विणलाय छान," त्या म्हणाल्या. "पण सरळ हा राहिलाय, तू नाहीस. तुझं काम हा करतोय, आणि तुझे स्नायू झोपलेत. वडिलांना सांग, सूत ओढलं की ताणतं. अंग स्वतः ओढावं लागतं."

मी घरी येऊन तसंच्या तसं सांगितलं. आप्पा बराच वेळ पट्टा बोटाला गुंडाळत बसले. त्यांना वाईट वाटलं होतं. "मला वाटलं, ढिल्लं पडलंय," एवढंच म्हणाले. मग उठून त्यांनी स्वतःच खिडकीच्या गजाला सायकलची ट्यूब नीट बांधून दिली. त्या गाठीला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती, ती कधी सुटली नाही.

मग खूप दिवस काहीच झालं नाही. व्यायामाबद्दल लिहिणारे हे सांगत नाहीत. मागच्या वर्षी मुलाच्या आग्रहाने मी टिळकवाडीत एका तरुण डॉक्टरणीकडे मानेसाठी गेले होते. तिने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली, भिंतीला पाठ लावून हात वर नेणारी एक बाई. मी म्हटलं, ही वडगावची दिसत नाही. ती मुलगी गोंधळली. तिने सांगितलेलं सगळं बरोबर होतं, अगदी ड्रिलबाईंसारखं, फक्त मधला कंटाळा तिने सांगितला नाही. आम्ही त्या कंटाळ्याला घरकामात वाटून टाकलं होतं. आई भाकऱ्या थापताना मी चौकटीत हात लावून उभी राहायचे. आप्पा धागा जोडत असले की मी ट्यूब ओढायचे. त्यांच्या फणीच्या ठोक्यावर माझे हात भिंतीवरून वर-खाली जायचे. आणि एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेले तर आई स्वतः चौकटीत हात लावून उभी. मला बघून म्हणाली, "कोळिष्टक काढत हुते."

आणि मग ते झालं, तेही माझ्या नकळत. मी भिंतीला उभी होते आणि मागून थंडगार लागलं. केसांतून, डोक्याच्या मागच्या भागाला, भिंतीचा गारवा. मी हलले नाही. "आप्पा," मी हळूच हाक मारली.

आप्पा खड्ड्यातून उठून आले. त्यांनी विश्वास ठेवला नाही. टोपलीतून एक धागा घेतला, माझ्या डोक्यामागून सरकवायला गेले, तो जाईना. मग म्हणाले, "पुढं हो जरा." धागा भिंतीवर आडवा धरला, मला परत टेकायला लावलं आणि एका टोकाने ओढला. धागा हलला नाही. आणखी ओढला, तेव्हा तुटला. विणकराला ह्याहून मोठा पुरावा लागत नाही. तुटलेला तुकडा हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले, आणि ह्या वेळी माझ्याकडे बघायला त्यांना जास्तच मागे रेलावं लागलं, कारण मी सरळ उभी होते.

"किती उंच हाईस गं तू," ते म्हणाले.

शाळेची शेवटची परीक्षा झाली आणि मी मागावर बसले. आप्पांनी शब्द पाळला. ते बाजूला उभे राहून शिकवायचे. माझे ठोके वेडेवाकडे पडायचे, काठ ओढला जायचा, धोटा दोनदा उडून आईच्या तांदूळ निवडायच्या सुपात पडला. पण पहिलं हातभर कापड दांड्यावर गुंडाळलं गेलं तेव्हा मी इतकी आनंदले होते की जेवले नाही. हिरव्या अंगाची, लाल काठाची साडी होती. तसा हिरवा रंग मी पुढे कितीदा विणला, पण त्या हातभर कापडाचा हिरवा माझ्या डोळ्यांसमोरून गेलेला नाही.

आता सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी मागावर होते. आज्जांच्या कोपराच्या मापाचा तो दांडा माझ्या मांडीला लागायचा. काठाकडे नीट बघायचं तर पाठ वाकवावी लागायची, नाहीतर दिसायचंच नाही. मी सकाळी भिंतीला उभी राहायचे, ट्यूब ओढायचे, आणि दिवसभर मागासमोर वाकायचे. खांद्यांच्या मध्ये एक जागा ठणकायला लागली. तिथे हात पोचत नाही, म्हणून ती दुखतेय असं कुणाला सांगताही येत नाही. मी सांगितलंही नसतं. मला भीती होती की आप्पा उठवतील.

पण आप्पांना दिसत होतं. कोणाची पाठ कुठे वाकते, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? एका संध्याकाळी मी मागावरून उतरले तेव्हा त्यांनी भिंतीकडे बोट केलं. मी उभी राहिले. त्यांनी टोपलीतून धागा घेतला, भिंतीवर धरला, ओढला. धागा अलगद निघून त्यांच्या हातात आला.

आई दारात उभी होती. अण्णाही आलेला होता, शर्टाच्या बाह्या सरसावून चहा पीत बसला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाठीमुळे नव्हतं. मला माहीत होतं आता काय होणार. शब्द डोकं भिंतीला लागण्याचा होता. डोकं लागत नव्हतं.

"आता?" अण्णाने विचारलं. "मी म्हणतच हुतो."

आप्पांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते माझ्या शेजारी आले आणि भिंतीकडे पाठ करून उभे राहिले. टाचा टेकवल्या. पाठ टेकवली, म्हणजे पाठीचा तो गोल भाग टेकला. मग त्यांनी डोकं मागे न्यायचा प्रयत्न केला. मी त्यांना इतकी वर्षं पाहत होते, पण असं भिंतीला लावून कधी पाहिलं नव्हतं. डोकं पुढेच राहिलं. त्यांनी हात मागे नेऊन ती जागा चाचपली, तर खांद्यापलीकडे हात वळेना. मग आईला म्हणाले, "बघ गं, किती ऱ्हातंय."

आई पुढे आली. तिने त्यांच्या डोक्यामागे हात घातला, बोटं, मग पंजा, मग वळलेली मूठ. "मूठ बसतीया," ती म्हणाली. "जागा उरतीया वर."

आप्पा तसेच उभे राहिले, तिचा हात डोक्यामागे असताना. समोर माग होता. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "तुझे आज्जा माझ्यापेक्षा वीतभर बुटके हुते. त्यांच्या मापाच्या मागावर मला अकराव्या वर्षी बसवलं. माप कुणी बघितलं न्हाय. मी बी न्हाय." आणि मग, "मला वाटलं, विणकराची पाठ अशीच असतीया."

अमावास्येला आमच्याकडे माग चालत नाही. त्या अमावास्येला आप्पांनी तो मोकळा केला. डाव्या खांबाला हात लावून नमस्कार केला आणि पहार घेतली. अण्णाला सुट्टी होती; तो आधी कुरकुरला, मग बनियनवर येऊन घाम गाळू लागला. कारखान्यात शिकलेला माणूस, त्याने पाण्याची बाटली आडवी ठेवून खांबांची पातळी लावली. खांबांखाली विटा बसवल्या, खड्डा आणखी खोल केला, बसायच्या काठावर फळी घातली. मला मधे बसवून आप्पा म्हणाले, "कोपर दे." मी हात वाकवला. त्यांनी माझ्या कोपराखाली दांडा धरला, वर केला, खाली केला, माझ्या पाठीकडे बघितलं, परत वर केला. "ताठ बसून दिसतोय का काठ?"

"दिसतोय."

"वाकून सांगू नकोस."

"न्हाय वाकले, आप्पा. दिसतोय."

"ठोक," ते अण्णाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्याआधी, आप्पा मागावर बसले. सवयीने. मी दारातून पाहत होते. दांडा त्यांच्या छातीशी आला होता. त्यांनी वरच्या दोरीसाठी हात उचलला, तो खांद्याच्या वर जाईना. दुसरा उचलला, तोही तिथेच थांबला. त्यांनी एकदा, दोनदा करून पाहिलं. मागाला माझं माप दिल्यावर तो त्यांना बसणार नाही, हे त्यांना आदल्या दिवशी दांडा वर करतानाच कळलं असणार. इतकी वर्षं मागाचं माप ओळखणाऱ्या माणसाला हे कळलं नसेल, असं मी मानत नाही. ते खड्ड्यातून वर आले, पाय झटकले आणि चरख्याशी जाऊन बसले.

"कांड्या मी भरतो," ते म्हणाले. "बस तू."

त्या मागावर मी माझं लग्न होईपर्यंत विणलं, आणि लग्नानंतर तो शहापुरात माझ्या सासरी आला, विटांसकट. माझी पाठ आज म्हातारपणाने थोडी झुकली आहे, पण विणकराची पाठ म्हणून कुणी ओळखणार नाही. नात मोबाइलवर वाकून बसते तेव्हा मी तिला भिंतीकडे पिटाळते. ती म्हणते, "आजी, धागा आण." धाग्याचा खेळ तिला आवडतो.

पण मला सांगायचं आहे ते आप्पांचं. त्या दिवसापासून तेही रोज संध्याकाळी भिंतीला उभे राहू लागले. ड्रिलबाईंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ह्या वयात हाडं बसलेली असतात, फार सरळ व्हायचं नाही, पण करू दे, श्वास मोकळा होईल. तेवढं मी आप्पांना सांगितलं नाही. टाचा टेकवून, डोकं मागे ढकलत ते उभे राहायचे आणि आई हात पुसत येऊन त्यांच्या डोक्यामागे हात घालायची. आधी म्हणायची, "मूठ." मग काही महिन्यांनी, "चार बोटं." पुढच्या दिवाळीच्या सुमारास, "तीन बोटं." आप्पा मान डोलवायचे आणि चरख्याकडे परतायचे. कांड्या ते फार सुबक भरायचे.

एकदा आई सकाळीच माहेरी, संकेश्वरला गेली होती. संध्याकाळी आप्पा भिंतीला उभे राहिले आणि मला म्हणाले, "विमे, बघ गं." मी मागावरून उतरले, त्यांच्या डोक्यामागे हात घातला. आधी बोटं घातली, मग पंजा, मग मूठ वळली. मूठ बसत होती, आणि वर जागा उरत होती, पहिल्या दिवशी होती तेवढीच.

ते भुवयांखालून समोर मागाकडे बघत उभे होते, श्वास धरून.

"दोन बोटं, आप्पा," मी म्हटलं.

"काल तुझी आई तीन म्हणत हुती," ते म्हणाले, आणि समाधानाने चरख्याशी जाऊन बसले.